अस्तराला बोट लावायचं नाही

आमच्या धाकटीचं काम काय, असं कोणी विचारलं की माझी कळी खुलते. मग समोरच्याचा चहा थंड झाला तरी हरकत नाही, पण सगळं ऐकूनच उठायचं. माझं शिक्षण गावच्या शाळेत, चारी वर्ग एकाच खोलीत. तेव्हा मला कळलं ते कोणालाही कळेल.

धाकटी रक्तवाहिन्यांवर संशोधन करते. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. तो मिळाला की वाहिनीचा स्नायू अंग सैल सोडतो, वाट रुंद होते आणि रक्त सुखाने पुढे जातं. खाटीकखान्यातून आणलेल्या वाहिनीचं एक बारीकसं कडं कापायचं, कोमट खाऱ्या पाण्यात दोन आकड्यांमध्ये टांगायचं, औषध घालायचं आणि पडद्यावरची रेघ बघत बसायचं. कडं आवळलं की रेघ चढते, सैलावलं की उतरते. मी बघायला गेलो तेव्हा रेघ अशी झोकात उतरली की मी टाळ्याच वाजवल्या. सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली.

"बाबा, इथे सामना चाललेला नाहीये!" धाकटी दातओठ खात म्हणाली.

तिथला एक नियम फार कडक. वाहिनी बाहेरच्या चरबीला चिमट्याने धरून उचलायची. आत बोट नाही, कापूस नाही. अस्तर निघालं की प्रयोग बोंबलला. सोबतच्या एका बाईंनी सवयीने वाहिनी आतून पुसली, तर धाकटीने त्यांना सगळ्यांदेखत रडवलं होतं. "भांडी घासताय का?" म्हणाली.

माझा थोरला शाळेत खेळाचा मास्तर. गळ्यात कायम शिट्टी, तोंडात कायम थट्टा. त्याच्याच फुप्फुसातल्या वाहिन्या आवळत चालल्या. आधी मैदानावर थांबायला लागला, मग जिन्यात, मग बोलता बोलता. दवाखान्यात नाकाला नळी लावून त्याला हाच वायू देत होते. सुरुवातीला उतार पडला, पुढे तेवढा पडेना.

"चिमटे," तो बहिणीला तिच्या चिमट्यावरून चिडवायचा, "तुझा वायू घेतला बरं का. वास नाही, चव नाही. पगार कशाचा घेतेस गं?"

"दादा, गप्प पड. दम वाया घालवू नकोस."

अशा रोग्याच्या वाहिनीचं अस्तर स्वतःचा वायू थोडाफार तरी सोडत असतं, की पार थकून बसलेलं असतं? धाकटीने कितीतरी वर्षं याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. पण माणसाची ताजी वाहिनी मिळणार कुठून? थोरल्याला हे ठाऊक होतं. त्याने डॉक्टरांसमोर सांगून टाकलं, "मी गेलो की माझी वाहिनी हिला द्या. जन्मभर मी पोरांना पळवलं, आता ही मला टांगेल."

धाकटी उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा त्याने तिचा हात धरला. "पण तूच काप हं. तुझ्याइतका हलका हात कोणाचा नाही."

तिने शब्द दिला.

तो भर दुपारी गेला. वाहिनी प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिथले मोठे सर म्हणाले, "घरच्या माणसाची वाहिनी घरच्याने हातात घेऊ नये. मी कापतो."

"सर, शब्द दिलाय मी."

मी काचेपलीकडच्या बाकावर होतो. तिने चरबीला धरून वाहिनी अलगद उचलली, टोक जरासं उघडून आत पाहिलं. आत रक्त साकळलं होतं. तिने ओला कापूस घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून हळुवार पुसून काढलं, जेवणानंतर लेकराचं तोंड पुसावं तसं. सर "अगं—" म्हणाले आणि थांबले. तिचाही हात थांबला. पण पुसून झालं होतं.

तरी तिने कडं कापलं, टांगलं. अस्तराला वायू सोडायला लावणारं औषध आधी घातलं. रेघ हलली नाही. मग दुसरं घातलं, जे स्वतःच वायू देतं, त्याला अस्तराची गरज नसते. रेघ हळूहळू उतरत गेली. म्हणजे स्नायूला सैल पडणं अजून येत होतं. पण अस्तर रोगाने गेलं होतं की तिच्या कापसाने, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"सर, हे हिशेबात धरू नका," ती म्हणाली.

"नाही धरत."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. "बाबा, मी पुसलं."

"बघितलं मी."

"त्याचं रक्त तसंच ठेवणं जमेना मला. जन्मात एवढं एकच काम सांगितलं होतं त्याने."

 मी विचारलं, "रेघ उतरली ना पण?"

"उतरली."

"मग त्याला जरा बरं वाटलं असेल."

"असं नसतं हो बाबा," म्हणत ती हसली, आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. पुढची माणसं वळून बघत होती. बघू दे म्हटलं.

तो प्रश्न अजून सुटलेला नाही. कधीमधी माणसाची वाहिनी येते, ती मोठे सर कापतात. धाकटी पाणी कोमट करून ठेवते आणि हात पाठीमागे बांधून उभी राहते.