लिंबोणीभोवतीची वाट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. पाऊस सपकारे मारत होता, म्हणून फोन कानाशी घट्ट धरला. "वन्सं, या," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "काय आणू?" माझी सवयच तशी आहे, कुणी बोलावलं की आधी काय लागणार ते विचारायचं. मग शेजारच्या कुणीतरी फोन घेतला आणि दादा गेल्याचं सांगितलं. पहाटे अर्धांगाचा दुसरा झटका आला, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही… मी मेथी पिशवीत घातली, छत्री उघडली आणि कार्ल्याची रिक्षा केली. ती मेथी नंतर कुणी निवडली, कुणी खाल्ली, मला आजही माहीत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने देहूरोडच्या लष्करी डेपोत केली, भांडार विभागात. सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल. निवृत्त झाल्यावर कार्ल्याजवळ आमच्याच वाट्याच्या जमिनीवर तीन खोल्यांचं घर बांधलं. मागे विहीर, पुढे ओट्यापासून फाटकापर्यंत मोकळं अंगण. त्या अंगणावरून नवरा-बायकोत जे भांडण जुंपलं, त्याची मजा आम्ही सगळ्यांनी घेतली. दादाला हवी होती हिरवळ, वहिनीला लिंबोणी. दोघांनी मला पंच नेमलं, कारण घरात कुठलीही गोष्ट ठरवायची तर कागदावर दोन रकाने आखणारी मीच.

मी रीतसर रकाने आखले. पाणी: हिरवळीला उन्हाळ्यात रोज लागणार आणि आपल्या विहिरीचा भरवसा चैत्रापर्यंतच, लिंबोणीला अधूनमधून पुरतं. पाऊस: मावळातल्या पावसात हिरवळीवर शेवाळ चढणार, लिंबोणीला पाणी साचलेलं चालत नाही, पण उंचवटा करून लावली तर निभावते. निगा: हिरवळ सतत कापायची, तण वेचायचं; लिंबोणीला वर्षातून थोडी छाटणी, थोडं शेणखत. उपयोग: एकीकडे शोभा, दुसरीकडे लिंबं. लिंबोणी सरळ जिंकत होती. दादाने चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला.

"शोभे, ह्यात एक रकाना राहिला बघ."

"कुठला?"

"पायांचा. जन्मभर डेपोतल्या हिरवळीच्या कडेकडेनं चाललो. आत पाय ठेवायचा तर साहेब व्हायला लागायचं. आता माझी हिरवळ, माझे पाय."

"पाय ठेवून पोट भरतं व्हय?" वहिनी आतून म्हणाली. "दोन लिंबांसाठी शेजारी जावं लागतं मला."

"जा की. तेवढंच तुझं बोलणं होतंय."

शेवटी त्याने परस्पर तोडगा काढला. आख्ख्या अंगणात हिरवळ लावली आणि बरोबर मधोमध लिंबोणीचं रोप. कडेने विटा तिरप्या रोवून एकीला गेरू, एकीला चुना, अगदी डेपोत असतो तसा थाट. एवढ्यावर भागलं नाही म्हणून गुडघाभर रोपाच्या बुंध्यालाही गेरूचा पट्टा आणि खाली चुना. वहिनी म्हणाली, "शिपाई उभा केलाय दारात." ते रोप खरंच तसं दिसायचं, नव्या भरतीतल्या पोरासारखं, गणवेश मोठा आणि अंग लहान.

हा तोडगा चुकीचा होता आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. लिंबोणीची मुळं वरवर असतात. बुंध्याशी गवत असलं की खत-पाणी गवतच खातं. शिवाय हिरवळीला रोज पाणी म्हणजे लिंबोणीचे पाय कायम ओले. बुंध्याभोवतीचं गवत काढून आळं कर, असं मी दर शनिवारी गेले की सांगायची. "मधेच टक्कल पाडू होय?" असं म्हणून तो विषय उडवून लावायचा. रोप वाढलं, कमरेच्या वर गेलं, काटे आले, पण पानं पिवळटच. वहिनी पान तोडून माझ्यापुढे धरायची. दादा अनवाणी गवतात उभा राहून चहा प्यायचा. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. कुणाची तरी नजर चुकवून आत शिरल्यासारखा.

गेल्या दिवाळीनंतर त्याला पहिला झटका आला. डावी बाजू गेली. वाचा थोडी अडखळली, पुढे सुधारली. हात जेमतेम, पाय ओढत. घरी सोडताना डॉक्टरांनी चालायला सांगितलं, रोज, न चुकता. रस्त्यावर सोय नव्हती. शनिवार-रविवार सोडा, आता रोजच पर्यटकांच्या गाड्या घरासमोरून सुसाट जातात. मग त्याने स्वतःच जागा शोधली. उजव्या हातात काठी धरायची आणि लिंबोणीभोवती फिरायचं. हिवाळाभर फिरला, उन्हाळाभर फिरला. फाटकावरून जाणारे थट्टा करायचे. "भाऊ, लिंबोणीला नवस बोललाय का?" तो थांबून, शब्द जुळवून उत्तर द्यायचा, "न्हाई रे… गार्ड ड्यूटी हाय."

होळीच्या सुमारास हिरवळीत गोल वाट पडली. ज्या गवताला तो खुरपं लावू देत नव्हता, ते त्याच्याच पायांनी झिजून गेलं. बुंध्यालगतचं जे उरलं ते वहिनीने हळूच उपटून टाकलं. त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चैत्रात लिंबोणीला नवी पालवी फुटली, हिरवीगार. मी म्हटलं, "झालं का नाही आळं?" तर म्हणाला, "तुझा कागद… जिंकला." मला वाटलं वहिनी खूश असेल. ती ओट्यावर बसून त्याचं फिरणं बघायची, पण तिचा चेहरा फुललेला नसायचा. आजारपणाचा शीण असेल, असं मी धरून चालले.

पावसाळा लागल्यावर तो ओट्यावरच येरझाऱ्या घालू लागला. आषाढात गेला.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. कामं होती, ती मी एकामागून एक उरकत होते: पेन्शनचे कागद, बँक, गॅसचं नाव बदलणं. अशाच एका शनिवारी वहिनी चुलीपुढून म्हणाली, "वन्सं, ती लिंबोणी काढायची. प्रशांतला सांगितलंय. उद्या माणूस येतोय." प्रशांत म्हणजे तिचा मुलगा, पुण्याला असतो. मला आधी नीट ऐकल्यासारखंच वाटलं नाही. जिच्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं भांडली, जी आता कुठे सुधारली…

"का पण?"

"देवाला फिरताना देव उजव्या हाताला ठेवतात. हे रोज उलटं फिरायचे. झाड डाव्या हाताला." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "उलटं कुटं फिरत्यात, ते तुमाला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. चितेभोवती. प्रशांत मडकं खांद्यावर घेऊन तसाच फिरला होता.

"मी रोज बघत होते, वन्सं. बोलले न्हाई. आजारी माणसाला कसं सांगायचं, तुमी मेल्यागत फिरताय म्हणून? गप बसले. आन् मग झालंच तसं."

असं काही नसतं, हे मी तिला सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, रक्तदाबाचं सांगितलं. ती मान हलवत राहिली. नाही म्हणून नव्हे, नुसतीच. मी भाजी चिरली, भांडी घासली, आणि ज्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता ते तसंच चुलीपुढे बसून राहिलं.

उघडीप झाली तशी मी अंगणात गेले. खरं सांगायचं तर झाड काढायला माणूस येणार, तेव्हा खड्डा किती मोठा पडेल याचा अंदाज घ्यायला. वाटेवर दोन्हीकडून गवत सरकत आलं होतं. पावसात ते फार लवकर पसरतं. वाकून बघितलं तर वाटेच्या आतल्या कडेला, झाडाच्या बाजूला, मातीत एक बारीक चर होता. वाट सपाट तुडवलेली आणि तेवढा एक चर, पुरा गोल. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. मला कळायला वेळ लागला. दादाचा डावा पाय उचलत नव्हता, चवडा ओढत जायचा. हा त्या चवड्याचा ओरखडा होता, महिनोन्‌महिने एकाच जागी पडलेला.

मी वहिनीला हात धरून बाहेर आणलं.

"हे बघ. डावं पाऊल आखूड पडायचं त्याचं, उजवं लांब. असा माणूस आपोआप डावीकडे वळतो. सरळ जायचं म्हटलं तरी वळतो. त्याने काही ठरवलं नव्हतं, वहिनी. त्याचा पायच तिकडे नेत होता."

तिने पदर खोचला, उकिडवी बसली. चरावरून बोट फिरवत राहिली. "तरी मी सांगायला पायजे होतं," म्हणाली. मी म्हटलं, "सांगितलं असतंस तर उजवीकडे वळता वळता पडला असता." तिला पटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. वहिनीने त्याला चहा दिला, मागच्या विहिरीवरची वाढलेली फांदी तोडून घेतली आणि त्याला परत पाठवलं. लिंबोणीचं नाव काढलं नाही.

आता काही आठवडे झाले. मी शनिवारी जाते. वडा बांधून नेते, औषधं भरून ठेवते, विजेचं बिल बघते. हिरवळ कापायला कुणी नाही, घोट्याच्या वर गेली आहे, विटांचा चुना धुपून गेला आहे. गोल वाट तेवढी मोकळी असते. पण तो आतला चर पावसाने भरत चालला आहे. मागच्या खेपेला निम्म्याहून जास्त बुजलेला होता. गवत काढता येतं. चराचं काय करायचं… त्याला माझ्याकडे रकाना नाही.

या शनिवारी फाटक उघडून आत आले तर वहिनी अंगणातच होती. डोक्यावर पोत्याची खोळ, उकिडवी बसून वाटेवरचं गवत हाताने उपटत पुढेपुढे सरकत होती. खुरपं ओट्यावर तसंच पडलेलं. तिने मला पाहिलं नाही. मी फाटकाची कडी न वाजवता लावली आणि उभी राहिले, ती कोणत्या बाजूने जाते ते बघत. लिंबोणी तिच्या डाव्या हाताला होती.