दोन्ही कौल उजवे

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय कोण काय करत नाय. लग्न जमवायचं, विहीर खणायची, म्हशीनं चारा सोडला, पोरगा मुंबईला पाठवायचा, कशालाही कौल. गुरव देवीला आंघोळ घालतो, ओल्या पाकळ्या तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि जे विचारायचं ते मोठ्यानं बोलतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. पडली की पुढं बोलायचं नाय. माहेरी तेच, सासरी तेच. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, पण कौल काय असतो ते शाळेच्या आधीपासून ठाऊक होतं.

माझा नवरा मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या एका लाँचीवर खलाशी होता. आम्ही खरं तर शेतीतली माणसं, दर्यावर जाणारी नव्हे. पण भात दिवाळीपासून होळीपर्यंतसुद्धा पुरायचं नाय, मग माणूस काय करणार. एका खेपेला लाँच गुजराथेत वेरावळच्या बंदराला लागली. तंबाखू घेऊन येतो म्हणून तो खाली उतरला, तो परत चढलाच नाय. बाकीच्यांनी शोधलं, वाट बघितली, मग निघून आले. लाँच चालवणाऱ्या तांडेलानं त्याची पिशवी आणून माझ्या पडवीत ठेवली. आत एक शर्ट, एक लुंगी आणि एक लाल कंगवा. कंगवा नवा होता. माझ्यासाठीच घेतला असणार, त्याला कुठं एवढे केस होते.

"येईल वहिनी तो," तांडेल म्हणाला. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाय.

पोलिसात वर्दी दिली. तिकडून काय कळलं नाय. मग माझ्या थोरल्या दिरांनी, भावजींनी, देवळात कौल लावला. गुरव बोलला, "आये, तुझं लेकरू जिवंत असंल, घरला येणार असंल तर उजवा दे." उजवा पडला. सगळ्यांनी हात जोडले. सासूबाईंनी मला पोटाशी धरलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला तसं कधी धरलं नव्हतं.

मी त्या कौलावर जगले. खोटं कशाला सांगू. पोरबाळ नव्हतं, दुसरं धरायला काय नव्हतं. दर शिमग्याला तोच सवाल आणि तोच उजवा. सासूबाई रोज एक ताट जास्तीचं वाढून झाकून ठेवायच्या. सकाळी ते म्हशीच्या घमेल्यात जायचं. रोज मीच ते ओतायची.

गावात मी सवाशीण होते आणि नव्हतेही. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण कुंकू लावताना बायांचा हात थोडा थांबायचा. एका लग्नात नवरीची ओटी भरायला मला पुढं केलं, तर मागनं एक म्हातारी बोलली, "तिला नको गो, तिचं काय खरं नाय." मी तांदूळ परत सुपात टाकले आणि भांडी घासायला मागच्या दारी गेले. तिथं बरं वाटायचं. भांड्याला काय, कोणीही घासलं तरी चालतं.

पोटासाठी मी काजूच्या कारखान्यात लागले. काजूची बी फोडायची. तिचं तेल हाताला लागलं की कातडी काळी पडते आणि सोलून निघते, राख लावून बसायचं. माझ्या शेजारी बौद्धवाडीतली एक बाई बसायची. माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. त्यांच्या घरचे देव तिच्या सासऱ्यानं कधीच वहाळात सोडले होते. शिमगा झाला की ती मला विचारायची.

"काय गो, यंदा काय म्हणाली तुझी देवी?"

"येतोय म्हणाली."

"मग पायी निघालाय काय गुजराथेतनं? एवढा येळ?"

सगळ्या बाया हसल्या. मला राग आला. बरेच दिवस मी तिच्याशी बोलले नाय, डबाही पाठ फिरवून खाल्ला. पण ते बोलणं डोक्यातनं गेलं नाय. बी फोडताना, भात लावताना, पाणी भरताना तेच. एवढा वेळ?

सासूबाई गेल्या त्या वाट बघतच गेल्या. शेवटी शुद्ध नव्हती, तरी हात उचलून विचारत होत्या, ताट झाकलंस काय. मी म्हटलं, झाकलंय. त्या वर्षी शिमगा झाल्यावर कौलाला सगळे जमले, तेव्हा मी देवळात गेले ती मनात ठरवूनच गेले. गुरवाला म्हटलं, "औंदा उलटं विचारा. तो गेला असंल, मी वाट बघायची नसंल, तर उजवा दे, असं."

गुरव म्हणाला, "असं उलटं विचारतात काय कधी?"

"विचारा तुम्ही. एकदाच."

त्यानं विचारलं. थोड्या वेळानं पाकळी पडली. उजवी.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. भावजी ओरडले, "देवीची परीक्षा बघतेस?" एक मानकरी म्हणाला, "जुना कौल सरला, आता नवा धरायचा." दुसरा म्हणाला, "मग इतकी वर्षं पडले ते काय खोटे?" दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. माझा नवरा हाय का गेला, ते तिथं पुरुषमाणसं भांडून ठरवत होती. मला कोणी विचारलं नाय. जाऊ माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "चल, घरी चल, ह्या बांगड्या काढू." मी मूठ आवळली आणि एकटीच घरी आले.

मला तेव्हा रडू आलं नाय. नुसतं रिकामं वाटलं. नवरा हरवला तेव्हा निदान देवी होती. आता तीही गेली असं वाटलं. घराला कुलूप लावून कोणतरी निघून जावं आणि किल्ली आपल्याकडं नसावी, तसं.

कारखान्यात शेजारच्या त्या बाईला सांगितलं, एव्हाना ती माझी मैत्रीण झाली होती. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाय.

"दोन्ही उजवे?"

"दोन्ही."

"मग आता काय करशील गो?"

"तुमच्यात काय करतात असं झालं की?"

"आमच्यात विचारतच नाय कोणाला. वंदना म्हणायची आणि गप बसायचं."

एका पौर्णिमेला ती मला त्यांच्या विहारात घेऊन गेली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, त्यांनी सरकून मला जागा दिली. माझ्या गावात मला अशी जागा कोणी देत नव्हतं. मला बरं वाटलं. पण वंदना संपली तरी मी तिथंच बसून राहिले, कोणतरी आता काहीतरी सांगेल म्हणून. मैत्रिणीनं ते ओळखलं. म्हणाली, "उत्तर मिळंल म्हणून येत असशील तर नको येऊ बाय. नुसतं बसायचं असंल तर ये." मी आणखी दोन-तीनदा गेले. भावजींनी बडबड केली, शिमग्याला देवीची पालखी घरोघरच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात येते, ती उद्या तुझ्याकडं यायची नाय. त्याची भीती नव्हती मला. पण तिथंही शब्द दुसऱ्याचे होते. पाठ असलेल्या बायांच्या मागनं मी नुसते ओठ हलवायची. माझं जे होतं ते त्यात कुठं बसत नव्हतं.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला सडा हाय. सगळा काळा कातळ, पावसाळ्यात गवत, एरवी उघडा. वर चढलं की आरे-वारेकडचा दर्या दिसतो. मी लाकडं आणायला जायची ती थोडा वेळ बसायला लागले. पहिल्यांदा गुरवासारखं बोलायची, आये हे दे, आये ते कर. मग एक दिवस नवऱ्याला शिव्या घातल्या. मोठ्यानं. कोण ऐकणार होतं, एक टिटवी उडाली. तंबाखूच पाहिजे होता ना रे तुला, म्हटलं, घरी माझ्या चंचीत मिळत नव्हता? असं किती तरी दिवस चाललं. मग बोलणंच संपलं. नुसती बसायची.

कधी वाटायचं, आपण एकटीच बसलेलो नाय. कधी काहीसुद्धा वाटायचं नाय, वारा आणि दर्या. जे असंल ते घेऊन खाली यायची आणि चूल पेटवायची. देवी तिथं होती का, मला सांगता येणार नाय. पण तिथं मला कोणी हो-नाय सांगत नव्हतं, आणि ते मला देवळापेक्षा खरं वाटायचं.

ताट झाकायचं मी बंद केलं. पहिल्या रात्री हात आपला आपण दुसऱ्या ताटाकडं गेला. कंगवा मात्र ठेवलाय. बांगड्या काढल्या नायत आणि नव्या भरल्याही नायत. कामात फुटतील तशा फुटू दिल्या. आता डाव्या हातात एक राहिलीय.

मैत्रीण तिच्या लेकाकडं मुंबईला गेली आणि तिकडंच वारली. मला एसटीच्या थांब्यावर कळलं, तेही दुसऱ्याच गोष्टीवरनं बोलणं चाललं होतं म्हणून. त्यानंतर ह्या विषयावर माझ्याशी कोण बोललं नाय.

यंदाच्या शिमग्याला मुंबईहून पुतण्या आला, भावजींचा मुलगा. भावजी आता नायत. त्याच्या पोरीचं लग्न दोनदा जमून मोडलं. कोणीतरी त्याला सांगितलं, तुमच्या घरातला एक माणूस अधांतरी हाय, त्याचं आधी बघा. तो माझ्या पडवीत बसून म्हणाला, "काकी, उद्या पालखी खळ्यात आली की देवीपुढं गाऱ्हाणं घालू आणि मग शेवटचा कौल घेऊ. पडेल तो मान्य. काका गेला असा कौल आला तर त्याची क्रिया करून टाकू. तूपण मोकळी होशील."

"मी कुठं बांधलेय?"

"मग ती बांगडी कशाला ठेवलीस?"

"फुटली नाय म्हणून."

तो चिडला. पोरगी दारात उभी होती, खाली बघत होती. ती मला आवडते. लहान असताना सुट्टीत आली की माझ्याच जवळ झोपायची. तिचं माझ्यामुळं अडलंय असं तिनं धरलं असतं तर मला सोसलं नसतं. आणि एकदा पालखीपुढं गाऱ्हाण्यात शब्द गेला की कौल घ्यावाच लागतो आणि पाळावाच लागतो. म्हणजे एका पाकळीवर मी त्याला मारायचा, नायतर पुन्हा ताट झाकायला बसायचं. रात्रभर मी त्याच विचारात होते.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. खळं माणसांनी भरलं, मुंबईवाले मोबाईल वर धरून उभे. मी ओटी भरली. गुरवानं नारळ हातात घेतला. आता जुन्या गुरवाचा लेक असतो. तो बोलणार एवढ्यात मी म्हटलं, "थांबा. गाऱ्हाणं मी घालते."

कोणतरी हसलं. "आज्ये, बाया घालतात काय गाऱ्हाणं?"

"माणूस माझा, खळं माझं. मग मी नाय तर कोण घालणार?"

ढोल थांबला. मी पालखीसमोर उभी राहिले. सड्यावर मोठ्यानं बोलून तोंडाला सवय झाली होती.

"आये," म्हटलं, "तुझ्या पाकळ्यांवर मी माझी तरणी वर्षं काढली. त्याचा राग नाय. तू कधी बोलली नसशीलच, आम्हीच तुला बोलायला लावत होतो."

गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला सगळी माणसं व्हय महाराजा म्हणतात. कोणी म्हटलं नाय.

"यंदा तुला काय विचारायचं नाय. तो असंल तर असंल तिथं त्याला पोटाला मिळू दे. नसंल तर निजू दे. मला कळलं नाय, आता कळायचंही नाय, तशीच मी राहणार हाय."

कोणी म्हटलं नाय. पुतण्या मान फिरवून उभा होता.

"आणि ह्या पोरीच्या लग्नाचा त्याच्याशी काय संबंध नाय. ते खापर त्याच्यावर कोणी फोडू नये, माझ्यावरही फोडू नये."

मी थांबले. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. पोरीचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज आला नाय. ढोलवाला काठी बोटात फिरवत होता. मग मीच म्हटलं, व्हय महाराजा. हळूच म्हटलं. माझा मलाच ऐकू येईल एवढं.

गुरवानं नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली आणि भोयांना उचला म्हणाला. पालखी गेली. पुतण्याही मागनं गेला, माझ्याशी न बोलता. पोरगी जाताना वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढंच.

खळ्यात गुलाल सांडला होता. झाडायला घेतला, मग राहू दिला. शेजारच्या खळ्यात पालखी बसली होती आणि तिथलं गाऱ्हाणं चाललं होतं. व्हय महाराजा, व्हय महाराजा, सगळी माणसं मोठ्यानं म्हणत होती. मी खोबऱ्याचा तुकडा ताटात घेतला, त्याच्याजवळ भात वाढला आणि पडवीत बसून जेवले.