सतराव्या भागातली उलटी चाल

कोंढ्याच्या ताराबाई आयुष्यात एकदाच टीव्हीवर आल्या, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात बादली होती.

बादली प्लास्टिकची. तिला चंदेरी रंग दिलेला, डोळ्यांपुरती फट कापलेली आणि फटीवर काळी काच. बादलीखाली चंदेरी रेक्झिनचा अंगरखा, त्याखाली नेहमीचं लुगडं. साल १९९४. मालिकेचं नाव ‘अंतरिक्ष चौकी’. पृथ्वीपासून फार लांब एक चौकी, तिच्यावर सात माणसं, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्यावर काहीतरी चालून येणार, अशी साधारण कथा. सव्वीस रविवारांनंतर यायचं थांबलं आणि मालिका लोकांच्या आठवणीतूनही गेली. आमच्यासारखे काही उरले. आम्हाला लोक नावं ठेवतात, पण कामावर वेळेवर जातो म्हणून सोडून देतात.

भंडाऱ्याच्या प्रितमला त्याच्या काकाच्या बंद पडलेल्या केबलच्या दुकानात सव्वीसही भागांच्या कॅसेट सापडल्या, आणि आम्ही एकत्र आलो. ‘चौकी मित्र मंडळ’, सदस्य तेरा. संस्थापक जवाहरनगरचे वीरेंद्रभाऊ. ते फॅक्टरीत स्टोअरला आहेत, त्यामुळे मंडळात कुठलीही गोष्ट फॉर्म भरल्याशिवाय होत नाही. सानगडीची डिंपल मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते आणि कुठल्याही भागाचा कुठलाही संवाद उलटसुलट म्हणून दाखवते. ताराबाई दोन वर्षांपूर्वी आल्या, सून रक्षाच्या फोनवरून. लिहीत नसत, बोलून पाठवत. त्यांची मतं मोजकी आणि ठाम होती. नववा भाग सगळ्यांत चांगला. त्यात चौकीच्या टाकीतून पाणी गळतं आणि सातही माणसं पूर्ण वेळ भोक शोधतात. बाकी काही घडत नाही. आम्हा बहुतेकांना तो कंटाळवाणा वाटे. ताराबाईंचं म्हणणं, “धानाच्या बांधीतलं पाणी रातभर कुठून जाऊन राहिलं हे ज्यानं शोधलं नाही, त्याले तो भाग नाही समजणार.”

आपण स्वतः सतराव्या भागात आहोत, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. कारण मंडळात आल्याच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलेलं त्यांनी रक्षाकडून वाचून घेतलं होतं: सतरामधल्या त्या परग्रही बायका कुठून पकडून आणल्या होत्या?

“पकडून नाही,” ताराबाई रक्षाला म्हणाल्या होत्या, “ट्रॅक्टरवर.” आणि विषय संपवला होता.

आता गोष्ट अशी, की कॅसेटींना बुरशी लागली होती. त्या धुऊन, चित्र साफ करून देणारं यंत्र प्रितमने नागपूरच्या एका मित्राकडून महिनाभरासाठी आणलं. महिन्यात वीस भागच होणार होते. उरलेले सहा बुरशीच्या स्वाधीन. तेव्हा मंडळाने क्रमवारी लावायची ठरवली. प्रत्येकाने सव्वीस भागांची आपली यादी द्यायची, आवडत्यापासून नावडत्यापर्यंत; सगळ्यांची बेरीज करायची. पहिले एकोणीस साफ होतील, आणि सगळ्यांत शेवटचाही साफ होईल.

“शेवटचा काहून?” कोणीतरी विचारलं.

“चांगला भाग माणूस एकदा पाहते,” प्रितम म्हणाला, “अन् सर्वांत टाकाऊ भाग दोस्ताले बोलावून बोलावून दाखवते.”

यावर कोणाचं दुमत नव्हतं. याद्या आल्या. शेवटच्या जागेसाठी दोन भागांत चुरस झाली: सतरावा, आणि बाविसावा, ज्यात चौकीवरच्या रोबोचं लग्न लागतं. दोन गुणांनी सतरावा शेवटून पहिला होता. ताराबाईंनी स्वतःच्या यादीत सतराव्याला सव्विसावी जागा दिली होती. ती हिशेबाने दिलेली नव्हती. साफसफाईची गोष्ट निघायच्या आधीपासून त्यांचं मत तेच होतं. पण आता त्या मताचा फायदा होत होता. सतरावा शेवटचा राहिला, तर तो साफ होणार होता. जुन्या कॅसेटमध्ये नुसता हिरवट-करडा चिखल दिसे. साफ झाल्यावर त्या बारा बाया दिसतील, आणि बायांनी काय केलं तेही दिसेल. एवढंच त्यांना हवं होतं. रविवारी वीरेंद्रभाऊंच्या क्वार्टरमध्ये शेवटची बैठक होती. तिथे गप्प बसायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं, इतकंच काम होतं.

“आई, तुमी तिथं काही बोलू नका,” बसमध्ये रक्षाने बजावलं.

“मी कायले बोलू?” ताराबाई म्हणाल्या.

बैठकीत वीरेंद्रभाऊंनी आधी नियम वाचले. प्रत्येक सदस्याला एकच दुरुस्ती फॉर्म. फॉर्मवर यादीत आज शेवटी असलेला भागच वर किंवा खाली नेता येईल, तोही फार तर तीन जागा. दिलेला फॉर्म परत मिळणार नाही. कारणाचा रकाना भरणं सक्तीचं. मग त्यांनी पिशवीतून चौदा पानं काढली.

त्याची आम्हाला कल्पना होती. सतराव्या भागातले ते बादलीवाले जलवासी कमरेत वाकून, पाण्यात हात घालत, उलटे उलटे का चालतात, यावर मंडळात पूर्वीपासून वाद होता. दिग्दर्शकाची चूक, असं अर्ध्या लोकांचं मत. वीरेंद्रभाऊंचं मत निराळं होतं आणि त्यासाठी त्यांनी हा भाग आपल्या यादीत अकरावा ठेवला होता. त्या ग्रहावर काळ उलटा वाहतो, असा त्यांचा सिद्धान्त.

“म्हणजे पाहा,” ते म्हणाले, “ते जिथं जाऊन राहिले, तिथून ते आधीच येऊन चुकले आहेत. हात पाण्यात घालते, म्हणजे खरं तर काढून राहिले.”

आम्ही माना हलवल्या. समजलं नाही की मान हलवावी, हे आमच्याकडे शाळेतच शिकवतात.

आठव्या पानापर्यंत ताराबाईंनी कळ काढली. रक्षाने त्यांच्या पायावर पाय ठेवलेला होता. नवव्या पानावर वीरेंद्रभाऊ ‘आदिम ऊर्जेचं उत्खनन’ म्हणाले, आणि ताराबाईंनी कप खाली ठेवला.

“वीरेंद्रभाऊ, तुमी कधी रोवणा केला का जी?”

“मी? नाही ना मावशी. आम्ही पहिल्यापासून क्वार्टरातले.”

“मंग बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“धानाचे पऱ्हे रोवताना माणूस समोर चालते का मागं?”

रोवणा म्हणजे धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, चिखलात लावणं. खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरी धान होतं.

“मागं,” डिंपल हळूच म्हणाली. “समोर गेलं तर रोवलेलं पायाखाली येईन.” मग तिने प्रितमकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. “अबे, लाव. सतरा लाव.”

“पण तो रोवणाच कशावरून?” वीरेंद्रभाऊ म्हणाले. “पऱ्हे तर दिसत नाही.”

“डावीकडून चौथी मी आहो,” ताराबाई म्हणाल्या.

रक्षाने डोळे मिटून घेतले.

पुढची दहा मिनिटं मंडळाच्या इतिहासात तरी अपूर्व होती. प्रितमने चित्र थांबवलं. बाकी सगळी माणसं पडद्याला नाक लावून उभी राहिली आणि चिखलातले बारा ठिपके मोजू लागली. ताराबाई खुर्चीतूनच सांगत होत्या. धानाची ती बांधी गावच्याच गोमाजींची होती. दिग्दर्शकाला पाण्याचे चौकोन असलेला ग्रह हवा होता आणि तो गोमाजींकडे होता. गोमाजींची अट एकच, शूटिंग करा, पण माझ्या बांधीत उतरलाच आहात तर रोवणा पुरा करून जा, दिवस चालले. त्यामुळे बायांना पऱ्ह्यांच्या पेंड्यांसकट उतरवलं. दिग्दर्शकाच्या हाताखालच्या माणसाने धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून ओरडून सांगितलं, जैसे रोज करते हो, वैसेच करो.

“मंग आम्ही तसंच केलं,” ताराबाई म्हणाल्या. “त्याले आम्ही समोर तोंड करून चालाले पाह्यजे होतं, हे त्यानं सांगतलं नाही. आम्हाले बादलीत काही ऐकू येत नव्हतं.”

“ही पाचवी कोण, मावशी? हे एका बाजूनं झुकते.”

“सुशीलाबाई. लहानपणी पायावर बैल पडला होता तिच्या. आता नाही ते.” ताराबाईंनी पडद्याकडे बोट केलं. “पण तिची ओळ पाहा. दोरी लावल्यासारखी. साफ झाल्यावर दिसन.”

“म्हणजे मावशी,” प्रितम म्हणाला, “मी दोन वर्षांपासून परग्रहवासी ग्रुपमध्ये ठेवून राहिलो, अन् मले माहीतच नाही?”

डिंपल तोवर ताराबाईंच्या पाया पडून, त्यांच्याबरोबर चार फोटो काढून, आपला दुरुस्ती फॉर्म भरून मोकळी झाली होती. सतरावा तीन जागा वर. कारण: अभिमान. तिने तो डब्यात टाकला आणि टाळ्या पडल्या. आणखी सात जणांनी पेनं काढली.

वीरेंद्रभाऊंनी आपली चौदा पानं आधी अर्धी घडी घातली, मग पाव. पण माणूस मोठ्या मनाचा. “मावशी,” ते म्हणाले, “माझा सिद्धान्त गेला, हरकत नाही. मीही सतराले तीन जागा वर नेतो. सगळ्यांनी न्या. आपल्या मंडळाची कलाकार शेवटच्या नंबरवर, हे शोभत नाही.”

“वर म्हणजे कितवा होईन?” ताराबाईंनी विचारलं.

वीरेंद्रभाऊंनी कागदावर आकडेमोड केली. “सगळ्यांनी नेला तर तेवीस.”

“अन् तेवीस साफ होते का?”

प्रितमने डोकं खाजवलं. “नाही ना, मावशी. पहिले एकोणीस, अन् शेवटचा.”

“मंग शेवटचा कोण?”

“रोबोचं लग्न.”

“आता कितवा आहे माझा?”

वीरेंद्रभाऊंनी डिंपलचा फॉर्म जमेस धरून बेरीज केली. रोबोचं लग्न एका गुणाने शेवटचं झालं होतं. डिंपलने डब्याकडे हात नेला. वीरेंद्रभाऊंनी नियमाकडे बोट दाखवलं. तिने हात मागे घेतला आणि नियमाबद्दल एक शब्द वापरला, जो मालिकेतल्या कुठल्याही भागात नाही.

“पेनं ठेवा खाली,” ताराबाई म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. “तुमच्यापैकी कोणी माझी यादी वाचली का? मी स्वतः याले सव्वीसवा दिला आहे. काहून, ते नाही विचारत तुम्ही. प्रितम, समोर ने. कॅप्टन येते तिथं.”

पडद्यावर कॅप्टन बंदूक घेऊन पाण्यातून धावत आला.

“थांबव. त्याचे पाय पाहा. कुठं आहे?”

“पाण्यात,” प्रितम म्हणाला.

“पाण्यात नाही, बाबू. आता रोवलेल्या पऱ्ह्यात. सात ओळी तुडवल्या त्यानं. त्यात तीन सुशीलाबाईच्या. बाजूले धुरा होता, चांगला रुंद, धुऱ्यावरून जाता येत नव्हतं त्याले?”

“हिरो आहे ना तो, मावशी.”

“हिरो असन आपल्या घरी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या सात ओळी परत रोवल्या, बिना बादलीच्या. ते कोणी काढलं नाही. अन् पाहा, आता काय म्हणते तो.”

कॅप्टन म्हणाला, सावधान, ये हमला है.

“बारा बाया वाकून काम करून राहिल्या,” ताराबाई म्हणाल्या, “पाठमोऱ्या. अन् याले हमला दिसते. सांगा, असा भाग चांगला आहे का?”

खोलीतला उत्साह कमी झाला नाही. फक्त त्याची दिशा फिरली. ज्या सात जणांनी पेनं काढली होती, त्यातल्या चौघांना एकदम आपापल्या बांध्या आठवल्या. कोणाच्या रानडुकरांनी तुडवल्या होत्या, कोणाच्या चुलतभावाने. कॅप्टन त्यांच्या लेखी त्या दोघांच्या मधोमध जाऊन बसला. सातही पेनं खिशात परत गेली. तरी डिंपलचा अभिमान डब्यात होताच, आणि एक गुण तिकडेच होता. आता भाग खाली ओढणारा कोणीतरी हवा होता. बाकी सगळ्यांनी सतराव्याला आधीच सव्विसावी जागा दिली होती. त्यांना खाली न्यायला जागाच नव्हती.

जागा फक्त एका माणसाकडे होती. त्याने अकरावा दिला होता.

सगळ्यांनी वीरेंद्रभाऊंकडे पाहिलं. वीरेंद्रभाऊंनी हातातल्या घडीकडे पाहिलं.

“मावशी, मी हा भाग अठ्ठेचाळीस वेळा पाहिला आहे,” ते म्हणाले.

“मंग तुमाले एवढे पऱ्हे काहून नाही दिसले?”

“कॅसेट खराब आहे ना जी.”

“तेच तर मी सांगून राहिली.”

“पण सर्वांत टाकाऊ म्हणजे तुमचाच अपमान होते.”

“अपमान तेवीसवर होते, भाऊ. तिथं कोणी पाहाले येत नाही.”

वीरेंद्रभाऊंनी फॉर्म घेतला. भाग क्रमांक, सतरा. दिशा, खाली. जागा, तीन. कारणाच्या रकान्याशी ते बराच वेळ थांबले. स्टोअरमधल्या माणसाला कारण गोलमाल चालत नाही. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पीक नुकसान. सही केली, तारीख टाकली आणि फॉर्म डब्यात सोडला.

दोन गुणांनी सतरावा भाग शेवटचा ठरला. क्वार्टरात असा जल्लोष झाला, की शेजारचे साहेब चौकशीला आले. डिंपलने त्यांना सांगितलं की आमच्या मावशीचा शेवटून पहिला नंबर आला. ते अभिनंदन करून गेले.

तीन आठवड्यांनी साफ केलेला भाग आला. पाणी स्वच्छ, पऱ्हे हिरवेगार, ओळी सरळ. पाचव्या आकृतीची सगळ्यांत सरळ. लोकांनी तो पहिल्या आठवड्यात नवव्यापेक्षा किती जास्त पाहिला हे प्रितमने ताराबाईंना सांगितलं नाही, कारण नवव्याबद्दल त्या हळव्या आहेत.

कोंढ्याच्या चौकात ग्रामस्थांनी फ्लेक्स लावला. वर ताराबाईंचा हसरा फोटो, शेजारी कोपऱ्यात सुशीलाबाईंचा, खाली भागातलं मोठं चित्र, आणि मजकूर: ‘गावची शान ताराबाई यांच्या भागास सर्वांत टाकाऊ म्हणून एकमताने निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ एकमताने हा शब्द फ्लेक्सवर आपोआपच येतो.

रक्षा त्यांना दाखवायला घेऊन गेली. ताराबाईंनी पदर सारखा केला, वरपासून खालपर्यंत फ्लेक्स पाहिला, सुशीलाबाईंच्या फोटोपाशी थोडं थांबल्या, आणि मग चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे फक्त एक बूट दिसत होता.

“हा पाय कापाले सांग त्याहिले,” त्या म्हणाल्या. “पऱ्ह्यावर आहे अजून.”