दादा चांगले होते

सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणायचे. हुद्दा समुपदेशकाचा, पण एवढा जड शब्द कोण उच्चारणार! रक्ततपासणीच्या दुकानावरच्या खोलीत सव्वीस वर्षं दोन खुर्च्या, एक पंखा आणि लोकांची रडगाणी. लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही; बाईंच्या तोंडात पोतंच्या पोतं भिजलं असतं. नवरा चिडवायचा, "मी मेलो तरी तू कुणाला सांगायची नाहीस."

नव्या माणसाला बाई पहिल्याच दिवशी बजावत, "इथलं इथंच राहील. फक्त कुणाच्या जिवावर बेततंय असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही." माणसं मान डोलवत. आपल्यावर ती वेळ येईल असं कुणाला वाटतं हो?

किल्लीवाल्यानंही मान डोलवली होती. वडिलांच्या कुलपांच्या दुकानातून थोरल्या भावानं त्याला हाकललं होतं. तो समोरच्याच फुटपाथवर स्टूल टाकून किल्ल्या घासायचा आणि दिवसभर भावाचं तोंड बघायचा. दर मंगळवारी बाईंपुढे शिव्यांची लाखोली. "तो मेला! मुडदाच पाडतो त्याचा!" बाई घाबरल्या नाहीत. मुडदे पाडायची भाषा काय, आया पोरांनाही करतात. गरजेल तो पडेल काय? आणि ओरडून झालं की स्वारी शांतपणे आईची औषधं आणायला जायची.

आठ महिन्यांनी एका मंगळवारी तो गुळगुळीत दाढी करून आला. शिवी नाही, आवाज नाही. म्हणाला, "दादा तसे चांगले होते. सायकल त्यांनीच शिकवली मला."

बाई चमकल्या. होते? त्यांनी? आठ महिने जिवंतपणी ज्याला 'मेला' म्हटलं, तो एकदम 'दादा' झाला, 'होते' झाला! असं आपण कुणाबद्दल बोलतो? ज्याला पोचवून आलो, त्याच्याबद्दल.

त्यांनी सरळच विचारलं, "दादांचं काही करायचं ठरवलंय का तुम्ही?"

"नाही हो बाई," तो हसला. "आता कसलाच त्रास नाही."

"त्यांच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

त्यावर तो उठलाच. वेळ संपायला अजून वीस मिनिटं होती.

बाईंनी वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला. ते वैतागले. "अहो, व्याकरणावरून माणसाला पोलिसांत द्यायचं? सुधारतोय तो. एकदा विश्वास उडाला, तर पुन्हा कुणाकडे जायचा नाही." खोटं नव्हतं ते. इकडे आड, तिकडे विहीर. पाऊण तास बाई फोनकडे बघत बसल्या. मग त्यांनी आधी थोरल्याला आणि नंतर पोलिसांना कळवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

थोरला बायकोपोरांना घेऊन तडक सासऱ्यांकडे गेला. त्याच संध्याकाळी किल्लीवाला थोरल्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरात पोलिसांना सापडला. कुलपाला ओरखडाही नव्हता. मांडीवर हातोडा घेऊन तो वाट बघत बसला होता.

बाईंनी घर वाचवलं, असं लोक म्हणाले. आणि त्याच लोकांनी बाईंकडे यायचं हळूच बंद केलं. वा रे दुनिया! बाई तुरुंगात तीनदा जाऊन आल्या. त्यानं एकदाही भेट घेतली नाही.

महिन्याभरानं त्याची आई जिना चढून आली. धापा टाकत खुर्चीत बसली. बाईंनी शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत," म्हातारी म्हणाली. "थोरला वाचला. त्याची पोरं वाचली."

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"थोरला दारातूनच विचारतो, बरी आहेस ना? आणि जातो. धाकटा माझी नखं कापायचा हो. केस विंचरायचा. आता थोरला दिसला की मनात येतं, की हाच गेला असता तरी..." पुढचं तिनं गिळलं. मग घाबरून बाईंचं मनगट घट्ट धरलं. "आई आहे मी त्याचीही. हे कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार, आजी."

"धाकट्यालाही असंच म्हणाला असाल," म्हातारी म्हणाली, आणि काठी चाचपत उठली.