अस्वलांच्या जंगलात नेण्याजोगं पिस्तूल

पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी मी माझं रिव्हॉल्व्हर पोलीसचौकीत जमा करून आलो. परवान्याचं आहे. बँकेच्या रोकड विभागात होतो तेव्हा घेतलं, आणि आजवर त्यातली गोळी रायफल क्लबच्या पुठ्ठ्याखेरीज कशालाही लागलेली नाही. पण मी घरी नसताना ते कपाटात असलं की आमच्या हिला झोप येत नाही. निवडणुका आल्या की ते तसंही जमा करावं लागतं, त्यामुळे चौकीत त्याची चांगली ओळख आहे.

ही माझ्यासोबत येऊ शकली नाही, कारण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यामुळे कामगिरी एकट्यावर आली. आमची एकुलती एक लेक केतकी सेंदाईला विद्यापीठात संशोधन करते. भूकंपानंतर लोक तिथून गाशा गुंडाळत होते तेव्हा ही बया तिकडे गेली, आणि गेली ती गेलीच. आता पुण्यातल्या एका कॉलेजात तिच्या विषयाची जागा निघाली होती. तेवढं तिच्या कानावर घालायचं आणि तिला परत यायला राजी करायचं, असा हिचा हुकूम होता. "आणि बोला तिच्याशी," विमानतळावर तिनं बजावलं. "नुसते बसून येऊ नका."

मी कमी बोलतो. क्लबात नेमबाजी शिकवताना कमीच बोलावं लागतं, आणि ती सवय घरातही राहिली. केतकी माझ्यावर गेली आहे. आठवड्याच्या फोनवर आम्ही दोघं एकमेकांना तब्येत विचारतो, आणि उरलेला फोन ही बोलते.

तोक्योहून शिंकान्सेनमध्ये (अतिवेगवान रेल्वे) बसलो. शेजारच्या गृहस्थांनी डबा उघडला, खाल्ला, बंद केला आणि झोपले, तरी माझा चहा हलला नाही. सेंदाई स्टेशनवर केतकी उभी होती. वाळली होती. तसं मी म्हणालो, त्यावर ती म्हणाली की तुम्हीही. मग आम्ही तिच्या घरापर्यंत रस्त्यावरची झाडं बघत गेलो. झाडं उंच आहेत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वर एकमेकांना भिडतात.

तिचं घर म्हणजे एक खोली आणि एक बाल्कनी. दाराशी एक पाठपिशवी टांगलेली. पाणी, बिस्किटं, टॉर्च, छोटा रेडिओ. भूकंप झाला की ती उचलून बाहेर पळायचं. इथे प्रत्येकाच्या दाराशी असते म्हणे. मी ती पिशवी बघत होतो तेव्हा तिच्या पट्ट्याला अडकवलेला एक डबा दिसला. त्यावर दात विचकणाऱ्या अस्वलाचं चित्र. विचारल्यावर कळलं की ती दर शनिवारी डोंगरात जाते. तिथे झाडांखाली जाळ्या बांधल्या आहेत, त्यात पडलेली पानं गोळा करून आणते आणि मोजते. बरोबरची मुलगी नोकरी सोडून गेली, नवा माणूस यायचाय, तोवर एकटीच जाते. आणि हो, अस्वलं आहेत.

मी रात्रभर विचार केला. सकाळी तिला सांगितलं की पुण्याचं पुढे बघू, आधी एक पिस्तूल घेऊ.

तिनं साफ नकार दिला. मग मी पासपोर्ट खिशात घालून एकटाच निघालो. बापाला जपानी येत नसलं तरी पिस्तुलाला जपानीतही पिस्तूलच म्हणतात, हे तिच्या लक्षात आलं आणि ती बूट घालत मागे धावली. कोबानमध्ये (नाक्यावरची पोलीसचौकी) एक तरुण पोलीस होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि काय मदत करू, असं विचारलं. केतकीनं जमिनीकडे बघत माझा प्रश्न त्याला सांगितला: जंगलात फिरायला कुठलं पिस्तूल बरं पडेल? त्यानं तो पुन्हा सांगायला लावला. मग आतून वयस्कर पोलीस आले आणि त्यांनीही ऐकला. उत्तर असं मिळालं की या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही. शिकाऱ्यांकडे लांब बंदुका असतात, पण त्यांचे परवाने फार कडक. माझ्याकडेही परवाना आहे हे यांना सांग, असं मी केतकीला म्हटलं. ती म्हणाली, हे मी मुळीच सांगणार नाही. निघताना त्यांनी आम्हाला एक नकाशा दिला. अस्वल जिथे जिथे दिसलं तिथे त्यावर हसऱ्या अस्वलाचं चित्र होतं. केतकीचा डोंगर चित्रांखाली जवळजवळ झाकला गेला होता.

माझा चेहरा बघून तिनं मला स्टेशनात झुंदा मोची खायला घातली. तांदळाचा चिकट गोळा, आणि त्यावर कुटलेल्या कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं गोड सारण. मटार करंजीत चुकून साखर पडावी तशी चव लागते. मी दोन बशा खाल्ल्या.

दुपारी होम सेंटरमध्ये (खिळ्यापासून कुंडीपर्यंत सगळं मिळणारं दुकान) गेलो. तिथे अस्वलांसाठी वेगळा कप्पा आहे. आधी घंट्या. इथली माणसं त्या पाठपिशवीला बांधून डोंगरात जातात, म्हणजे अस्वलाला आपण आल्याचं आधीच कळतं आणि ते बाजूला होतं. आमच्याकडे जंगलात गेलं की तोंडाला कुलूप. इथे गप्प राहणाऱ्याला मूर्ख समजतात. मग तिखटाचे फवारे, केतकीकडे होता तसे. ती म्हणाली, बाबा, खरं हत्यार हेच. मी सूचना तिच्याकडून वाचून घेतल्या. अस्वल अगदी जवळ येऊ द्यायचं आणि मग मारायचा. वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यांत. असलं हत्यार मी क्लबात कुणाच्या हाती दिलं नसतं.

आणि मग खालच्या फळीवर पिस्तुलं दिसली.

प्लॅस्टिकची होती. आपलं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल असतं ना, तेच, फक्त टिकल्या मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. शाळेत शर्यती सुरू करायला वापरतात आणि डोंगरात अस्वल पळवायला. मी एकेक हातात घेतलं. वजन काहीच नाही, घोडा जड, नेम धरायला माशी नाही. तरी मूठ बरी होती. एक काळं होतं, एक नारिंगी. मी बराच वेळ हात लांब करून दोन्ही पाहिली, तोवर कप्प्याच्या टोकाला दोन बायका थांबल्या होत्या. मला काळं आवडलं. केतकी म्हणाली, काळं घेऊन गाडीत बसलात तर घरी पोलीसच पोचवतील. नारिंगी घेतलं. क्लबात तीस वर्षं नेमबाजी शिकवणाऱ्या माणसाची ही खरेदी.

शनिवारी आधी लोकल गाडी आणि मग बस. मी पिशवीला नवी घंटी बांधली होती. बस प्रत्येक वळणावर वळली की घंटी वाजायची आणि बसमधली सगळी माणसं खिडकीबाहेर अधिक लक्ष देऊन बघायची. चार वळणांनंतर केतकीनं हात लांब करून घंटीचं खालचं बटण दाबलं. ती बंद होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर एक आजी टपरीत कोन्न्याकु विकत होत्या. एका कंदाच्या पिठाचे रबरी गोळे असतात, सोया सॉसमध्ये उकळून काडीला टोचून देतात. आम्ही उभ्याउभ्या खाल्ले. आजींनी हे तुझे वडील का, असं केतकीला विचारलं आणि आणखी काहीतरी म्हणाल्या. केतकी सांगायला तयार नव्हती, मी आग्रह केला. त्या म्हणत होत्या की आल्यापासून तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत, वर जाताना असं करू नका, घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा.

झालं. चढ सुरू झाला आणि आम्हाला बोलणं भाग पडलं.

काय बोलणार? रेडिओ लावावा म्हटलं, तर त्याचे सेल उतरलेले. मी एकोणतीसचा पाढा म्हटला. तिनं तिसाचा म्हणून दाखवला, पण तो काय, सोपाच. मग मी हिच्या गुडघ्याचं सविस्तर सांगितलं. शेजाऱ्यांनी जिन्यात ठेवलेल्या सायकलींचं सांगितलं. ती झाडांचं सांगू लागली. ही बुनाची झाडं, गुळगुळीत राखाडी खोडांची. ज्या वर्षी बी धरत नाहीत त्या वर्षी अस्वलं उपाशी गावात उतरतात, म्हणून तिच्या जाळ्यांतली पानं आणि बिया मोजायच्या असतात. पिवळ्या पानांतून ऊन खाली येत होतं. मला पहिल्यांदाच कळलं की माझी मुलगी नेमकं काय करते. बरं वाटलं, आणि म्हणून मी बेसावध झालो.

मी पुण्याच्या जागेचं काढलं. आई वाट बघतेय, म्हटलं.

ती काही पावलं चालली आणि म्हणाली, "बाबा, मला इथे कायमची नोकरी मिळाली आहे. मी त्यांना हो म्हणून सांगितलंय."

त्यानंतर आम्ही दोघंही गप्प झालो. बसमध्ये बंद केलेली घंटी पुन्हा सुरू करायला मी विसरलो होतो. वळण घेतलं आणि समोर, मध्ये एक रिक्षा उभी राहील एवढ्या अंतरावर, अस्वल.

काळंभोर होतं, छातीवर पांढरा पट्टा. खाली बसून बिया खात होतं. त्यानं मान वर केली.

माझा हात सरावानं पिस्तुलाकडे गेला. ते लगेच हातात आलं, बोट घोड्याच्या बाहेर, नळी जमिनीकडे, सगळं नियमाप्रमाणे. आणि ते रिकामंही होतं, नियमाप्रमाणेच. हत्यार वेगळं, दारूगोळा वेगळा, हे मी तीस वर्षं पोरांना घोकवलंय. टिकल्या पाठपिशवीच्या तळाशी होत्या, प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा रुमालात.

केतकीनं फवारा हातात घेतला. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ओरडायचं नाही, साध्या आवाजात बोलत मागे सरकायचं, हे तिनं हळूच सांगितलं. "बोला, बाबा."

"तू आम्हाला विचारलं नाहीस," मी साध्या आवाजात म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. डावीकडे मूळ आहे, सांभाळा."

"नको म्हणालो नसतो. काहीच म्हणालो नसतो."

"तेच तर," ती म्हणाली. "आवाज चढवू नका."

अस्वल आमच्याकडे बघत होतं. बापलेकीचं असं भांडण त्यानं कधी पाहिलं नसावं. मी एक पाऊल मागे टाकलं. बोलत राहायचं म्हणून जे तोंडात आलं ते मी बोललो.

"तू गेल्यापासून घर खायला उठतं. आईचं नाही सांगत, माझं सांगतोय. तुझ्या खोलीत मी रोज संध्याकाळी दिवा लावतो. काही काम नसतं तिथे."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"आता सांगतोय. तुझं काम मला आवडलं. इथेच राहा. पण एकटी येऊ नकोस गं."

"नाही येणार," ती म्हणाली. ती रडत होती, पण साध्या आवाजात.

अस्वल उठलं, आमच्याकडे पाठ केली आणि झाडीत निघून गेलं. आम्ही बसथांब्यापर्यंत बोलतच आलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्या शनिवारची पानं जाळ्यांतच राहिली.

परत निघताना पिस्तूल तिच्याकडेच ठेवलं, खेळण्यातलं का होईना, पिस्तूल विमानात नेऊ देत नाहीत. टिकल्या कुठे ठेवायच्या ते मात्र या वेळी नीट समजावलं: आतच. पुण्यात उतरल्यावर हिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी केतकीला फोन लावून तासभर रडली आणि मग कोन्न्याकु कसा करतात ते विचारून घेतलं. चौकीतून रिव्हॉल्व्हर आणायला मी अजून गेलेलो नाही.

केतकीच्या सोबतीला आता नवा सहकारी असतो. मुलगा सज्जन आहे, पण फार कमी बोलतो म्हणे. म्हणून दर शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी पोचली की ती मला फोन लावते आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून खिशात टाकते. तिकडे सकाळचं ऊन वर आलेलं असतं, इकडे नुकतं उजाडत असतं. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बोलतो. जिन्यातल्या सायकली, हिचा गुडघा, क्लबातली नवी पोरं, तिच्या खोलीतला दिवा. चढावरच्या एका वळणानंतर तिकडची रेंज जाते आणि फोन बंद पडतो. मी त्यानंतरही थोडा वेळ बोलत राहतो. अस्वलाचा काही नेम नाही.