पठारावरचा कुकारा

मुलाच्या इथल्या घराजवळ चुनखडीचं एक पठार आहे. तो कामावर गेला की मी तिथे एकटीच चालायला जाते. पांढरा, भेगाळलेला दगड दूरवर पसरलेला. पाऊस इतका पडतो, पण वर ओहोळ म्हणून दिसत नाही. सगळं पाणी भेगांतून खाली निघून जातं.

काल अर्ध्या वाटेत धुकं उतरलं आणि सवयीने माझ्या तोंडून कुकारा निघाला. सह्याद्रीत फिरताना आमचे हे नेहमी पुढे असायचे. वळणाआड गेले की "कूऽऽ" करायचे, मी मागून "कूऽऽ" करायची. म्हणजे, आहेस ना? आहे. ते गेल्यावरही तिथल्या कड्यांवरून निदान माझाच आवाज परत यायचा. या सपाट पठाराला तेवढंही जमत नाही. पाणी गिळतं तसा आवाजही गिळून टाकतं मेलं.

धुक्यातून एक म्हातारा लगबगीने आला, कुत्र्याला घेऊन.

"वाट चुकलात का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही हो. आमच्याकडे डोंगरात सोबतच्या माणसाला अशी हाक देतात."

त्याने माझ्या मागेपुढे पाहिलं. कोणीच नव्हतं. टोपीला हात लावून तो निघाला आणि दहा पावलांत दिसेनासा झाला. मीही चालू लागले.

तेवढ्यात लांबून आवाज आला. बेसूर, मध्येच चिरकलेला, पण कुकाराच.

मी घसा खाकरला आणि पोटातून ओरडले, "कूऽऽ!"

आहे रे बाबा, आहे.