साडेबारा हजार किलोमीटरचा उपास

विजूला फोन मीच केला. "आई गेली," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "अक्का, निघतो मी." खरं सांगते, आईला जाऊन तास झाला नव्हता, तरी माझ्या मनात आलं ते हेच, की आता हा विमानात बसणार आणि सगळं घर याच्या वाटेकडे डोळे लावणार. त्याला आता दीड महिना झाला.

विजू माझा धाकटा भाऊ, टोरांटोला असतो. आई इस्लामपूरला, मी सांगलीला. मुंबई ते टोरांटो हवेतलं सरळ अंतर किती, हे आईनं माझ्याकडूनच मोबाईलवर काढून घेतलं आणि पाठ केलं. साडेबारा हजार किलोमीटर. भाजीवालीलाही ती ते ऐकवायची. विजूचं विमान सुटलं की आईचा उपास सुरू. ते उतरल्याचा फोन येईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मी चिडून म्हणायचे, "आई, तो वर दोनदा जेवतो." ती म्हणायची, "जेवू दे की. त्येच्या पायाखाली जमीन न्हाई, माझ्या घशाखाली घास कसा उतरंल?" मी मात्र दर रविवारी चाळीसएक किलोमीटर बसनं जायचे. एकदा आष्ट्याजवळ बस पंक्चर झाली, पोहोचायला दुपारचे तीन वाजले. आई जेवून, भांडी घासून बसली होती. "तुजा कसला घोर? तू जवळचीच," म्हणाली. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. मला त्या दिवशी विजूचा हेवा वाटला, आणि तो पुढं कधी गेलाच नाही.

शेवटचे दोन महिने आई माझ्याकडं सांगलीला होती. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, मीसुद्धा. एक दिवस तिनं तोंडच मिटून घेतलं. पेज पुढं केली की मान फिरवायची. "विजू अजून वर हाय," म्हणायची. डॉक्टर झाले, शेजारच्या काकू समजावून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आई, उतरलो मी." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "उतरलास व्हय रं? जेव मग," म्हणाली, आणि वाटीभर पेज प्याली. त्या दिवसापासून रोज दोन वेळा मी विजू व्हायचे आणि वाटी रिकामी झाली की स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. रडू तिच्या आजाराचं कमी, रागाचं जास्त होतं.

विजू पोहोचला तो रक्षाविसर्जनालाच. तेरावं झालं, परत निघाला. दारात गाडी उभी होती. बूट घालता घालता मान वर न करता त्यानं विचारलं, "अक्का, शेवटी आईनं माझी आठवण काढली का गं?" मी म्हणाले, "न्हाई रं. तिला कुणाचीच ओळख उरली नव्हती." त्यानं मान हलवली आणि गेला... तेवढं तरी माझ्याकडं राहावं, असं मला वाटलं.

पेपरची ही पुरवणी विजू तिकडं मोबाईलवर वाचतो. म्हणून इथंच सांगते. विजू, मी खोटं बोलले. शेवटच्या सकाळपर्यंत आई तुलाच हाक मारत होती, आणि ओ मी देत होते.